कुठल्या अक्षराखाली

"बेन, कया शब्द नीचे जोऊं?" परमारभाई विचारतात.
मी म्हणते, घटस्फोट.
घ ची वही निघते. घरवेरा, घासदाणा,
घोडागाडीचे परवाने.
बरं मग, काडीमोड.
क मध्ये कूवे आहेत, कोतवाली आहे,
काडी कुणीच मोडलेली नाही.
फारकत?
फ मध्ये फरासखाना, फटाके, फौजदारी.
"तमे लोको आटला बधा शब्द राखो छो," ते हसतात,
"ने कागळ एके नहीं!"
त्यांच्यात म्हणतात छूटाछेडा.
सुटलेली टोकं.
आमच्याकडे शेला आणि शालू वेगवेगळ्या ट्रंकांत होते,
गाठ कधी सुटली ते कुणी बोललं नाही.

बाबा निवृत्तीपासून वंशावळ काढतायत,
ड्रॉइंगच्या गुंडाळीवर, पेन्सिलीनं, पट्टी लावून.
त्र्यंबक विनायक रणदिवे, त्याखाली दोन चौकोन.
पहिल्यात: रमा, अकाली निधन.
तारखेची जागा कोरी.
"बडोद्याला जातेसच, तर तेवढी एक घेऊन ये."

दर अविधवा नवमीला तिच्या नावानं
एक सवाष्ण जेवते आमच्याकडे.
खण, नारळ, हिरव्या बांगड्या, दक्षिणेचे अकरा.
आठवीत असताना मी विचारलं होतं, ती कशानं गेली?
आजी म्हणाली तापानं,
आत्या म्हणाली बाळंतपणात,
काका हात धूत म्हणाला, विहिरीत.
एका बाईला तीन मरणं
मला तेव्हाही जरा जास्तच वाटली होती.

तिसऱ्या दिवशी ल खाली सापडलं. लग्नविच्छेद.
शब्द गुजराती, अक्षर बाळबोध, शाई तपकिरी.
रमा नाहीच.
"पियरनुं नाम?"
मला ठाऊक नाही. आमच्या घरात कुणालाच नाही.
मग परमारभाईंनी उलटीकडून बोट फिरवलं,
सामावाळ्यांच्या रकान्यातून, आणि थांबले.
सामावाळो: रणदिवे त्र्यंबक विनायक.
अरजदार: बाई द्वारका,
ते गणेश ताम्हणेनी दीकरी.

म्हणजे ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं नाव
तिनं कचेरीच्या पायरीवरच झटकलं असणार.

सन १९३३.
कारण: पोटकलम ड.
ड म्हणजे काय ते पुस्तक
दिवाळीपासून बाइंडिंगला गेलंय.
निकाल: मंजूर.
परत मिळालेल्या वस्तू: पितळी डबा एक,
लुगडी चार, पैकी एक फाटकं,
शिवणयंत्र एक, सुई नाही.

मी बोटांवर मोजलं. आजोबा तेव्हा वर्षाचे,
दुसरीच्या मांडीवर.
म्हणजे मी सामावाळ्याकडची.
हे मला परमारभाईंना सांगायचं होतं,
पण ते पंख्याखाली उडणारं पान
डस्टरनं दाबून धरत होते.

सगळ्यात खाली: नक्कल मिळाली.
सही. द ची शेपटी इतकी दाबलेली
की पुढच्या तीन पानांवर तिचा वळ आहे,
पुढच्या तीन पानांवरचे दावे दुसऱ्यांचे,
जमिनीचे, पाण्याचे, एका म्हशीचे.

त्यानंतर ती कुठल्याच अक्षराखाली नाही.
सुई तिनं कुठून आणली असेल?
मांडवीत मिळाली असेल,
की नवसारीच्या, मेहसाण्याच्या कुठल्या बाजारात?
आणि भाद्रपदात, आम्ही तिचं पान वाढत होतो
त्या दुपारी, ती कुणाच्या परकराला
टीप मारत बसली होती?

संध्याकाळी सूरसागरच्या कठड्याशी
सेव उसळ खाताना फोन वाजला.
"मिळाली का तारीख?"
मिळाली, मी म्हटलं.
"तिथी कोणती होती गं?"
तिथी नाही लिहिलेली. बुधवार होता.
पलीकडे पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज.
मी तोंडातला घास संपेपर्यंत काही बोलले नाही,
आणि संपल्यावरही.

उद्या प ची वही मागायची आहे. पुनर्लग्न.
परमारभाई अकराच्या आत येत नाहीत.
नवमीला अजून नऊ दिवस आहेत.